ढोरडॉक्टरांचा विमा

माझे घरमालक गुरांचे डॉक्टर होते, आणि 'विमा' हा शब्द त्यांच्या तोंडून मी सुरुवातीला फक्त म्हशीच्या संदर्भात ऐकला.

आजऱ्याच्या पश्चिमेला, काजूच्या बागा संपून डोंगर चढायला लागतो तिथल्या एका गावात मला हायस्कूलवर इंग्रजी शिकवायची नोकरी मिळाली होती. घर कोल्हापुरात, कळंब्याला. रोज जाऊन येणं शक्य नव्हतं. शाळेच्या शिपायानं मला त्यांच्या दारात नेऊन उभं केलं तेव्हा ते गोठ्यातून बाहेर येत होते. पायांत गुडघ्यापर्यंत गमबूट, हातांना कोपरापर्यंत साबणाचा फेस. त्यांनी हात धुतले, पुसले, माझ्याजवळ आले आणि नाव न विचारता माझ्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून बघितली.

"रगात कमी हाय," ते म्हणाले. "खोली वरली. सकाळी नाचण्याची आंबील पिऊनच शाळंला जायाचं. प्याली न्हाईस तर खोली खाली कर."

भाडं किती ते नंतर त्यांच्या बायकोनं, काकूंनी, हळूच सांगितलं.

गाव त्यांना ढोरडॉक्टर म्हणायचं, तोंडावरसुद्धा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण लोकांची जनावरं काही निवृत्त झाली नव्हती. कुणाची गाय अडली, कुणाच्या रेडकाचं पोट फुगलं की माणूस दारात हजर. ते बारा महिने गमबूट घालत, लग्नालासुद्धा. भेटलेल्या माणसाला 'जेवण झालं का' असं न विचारता 'रवंथ झाला का' असं विचारत. आवाज असा की समोरच्याला वाटावं, आपण शेजारच्या गावात उभे आहोत. सरपंचाला ते 'वळू' म्हणत आणि मला 'इंग्रजी'. "ए इंग्रजी, खाली ये!" अशी हाक आली की मी वह्या टाकून खाली धावत असे, कारण नाही गेलं तर तीच हाक परत आणि आणखी मोठ्यांदा येई.

एका गोष्टीबद्दल मात्र ते हळू बोलत. त्यांच्या वस्तीतून साहेब झालेले ते पहिले. घरात बुद्धाची एक छोटी मूर्ती होती, तिच्यापुढं रोज ताजं फूल ठेवायचं काम त्यांचं. नोकरीच्या सुरुवातीला एका मोठ्या घरची गाय अडली होती. त्यांनी वासरू बाहेर काढलं, गाय वाचवली. हात धुवायला त्या घरानं पाणी वरून ओतलं, तांब्या हातात दिला नाही. "गाईला हात चालला," ते म्हणाले, "तांब्याला न्हाय चालला." एवढंच. मग उठून ते गोठ्यात गेले.

म्हशीच्या विम्याच्या गोष्टी मात्र ते रंगवून सांगत. विमा उतरवायचा तर डॉक्टरनं स्वतः गोठ्यात जायचं, दात बघून वय ठरवायचं, कास दाबून बघायची, चालवून बघायचं, मग कानात बिल्ला मारायचा आणि शेवटी कागदावर सही करायची. म्हैस मेली तरी परत जाऊन बघायचं. किती चिखल तुडवला, किती लाथा खाल्ल्या, त्याला गणती नाही. कंपनीचा माणूस न बघता सही मागायला लागला तर ते त्याला गोठ्यात नेऊन म्हशीच्या मागच्या पायांपाशी उभं करत.

त्यांची मुलगी पुण्यात नोकरीला होती. तिनं फोनवर धोशा लावला.

"पप्पा, सत्तरी आली. विमा काढा."

"काढलाय की. दोन्ही म्हशींचा."

"तुमचा! आईचा!"

शेवटी तिनंच कुणाला तरी सांगितलं आणि कोल्हापूरहून एक विमा एजंट आला. तरुण, इस्त्रीचा शर्ट, भर उन्हात गळ्यात टाय. आल्या आल्या तो त्यांना 'आजोबा' म्हणाला. ते डॉक्टरांनी खपवून घेतलं. चहा झाला, मग त्यानं पेन काढलं.

"आजोबा, काही आजार?"

"बीपी हाय. गोळी चालू हाय. हिला साखर हाय, वाईच."

त्यानं पेन थांबवलं. "ते नको लिहूया. हप्ता वाढतो. शिवाय जुन्या आजाराला पहिली काही वर्षं पैसे मिळत नाहीत. उगाच कशाला? कोण बघायला येतंय?"

"कोण येत न्हाय?"

"कुणीच नाही, आजोबा. तुम्ही निवांत राहा."

मी जिन्यावर उभी होते. काकूंनी माझ्याकडं बघितलं, आणि आम्ही दोघी एकदमच मागं सरकलो.

"म्हंजे मला न बघताच तू माझा इमा उतरवनार?" आवाज चढायला लागला. "आरं, म्हशीचा उतरवायचा तर मी गुडघाभर शेनात हुबा ऱ्हायलोय! आन माणसाकडं बघायला कुणाला सवड न्हाय? आन वर खोटं लिवा म्हणतोस? आज तू म्हणनार लिवू नका, आन उद्या मी आडवा झालो की तुझाच सायेब म्हणनार, ह्या म्हाताऱ्यानं लपवलं! ऊठ. ऊठ, चप्पल घाल."

एजंट गेला, पण त्याचा चहाचा कप ते बराच वेळ हातात धरून बसले होते.

त्यांचं म्हणणं हवेतलं नव्हतं. आमच्याच गावातल्या एका निवृत्त एसटी ड्रायव्हरला असंच सांगितलं गेलं होतं, आजार लिहू नका. त्याच्या छातीचं ऑपरेशन झालं आणि मग मात्र कंपनीला सवड मिळाली. कुठून तरी त्याची जुनी बीपीची चिठ्ठी शोधून काढण्यात आली आणि पैसे नाकारण्यात आले. त्यानं काजूची बाग विकली. ज्या एजंटानं लिहू नका म्हटलं होतं त्याचा फोन लागेना. विकताना डोळे मिटायचे आणि द्यायच्या वेळी भिंग घेऊन बसायचं, याला धंदा म्हणतात. माझा तेव्हाही संताप झाला होता आणि आज हे लिहितानाही होतो.

मुलीनं मग तीन कंपन्यांची माहितीपत्रकं पाठवली. जाड जाड, इंग्रजीत, मुंगीच्या पायासारख्या अक्षरांत. त्यांना मोतीबिंदू होता, म्हणून वाचायचं काम माझ्याकडं आलं. रोज संध्याकाळी शाळा सुटली की मी सोप्यात बसून वाचायची आणि मराठीत सांगायची.

"मी सगळं शास्त्र इंग्रजीत शिकलोय," ते म्हणत. "गाईच्या चार पोटांची नावं इंग्रजीत सांगतो. पर हे इंग्रजी न्हाय. ही चोरवाट हाय."

आधीपासून असलेल्या आजारासाठी काही वर्षं थांबावं लागेल, असं मी वाचलं तेव्हा ते उठून उभे राहिले. "आन आजाराला काय सांगू? सोप्यात बस, च्या पी, तुझी पाळी आली की हाक मारतो म्हणून?"

नेटवर्क हॉस्पिटल म्हणजे काय, हे समजावताना माझी फारच दमछाक झाली. कंपनीनं जोडून घेतलेले दवाखाने, तिथं पैसे आधी भरावे लागत नाहीत, वगैरे. आमच्या गावात मोबाईललाच नेटवर्क नव्हतं. फोन करायचा तर पाण्याच्या टाकीवर चढावं लागायचं.

"हितं फोनला न्हाय, आन दवाखान्याला कुठनं आसंल?" ते म्हणाले. मग एकदम म्हणाले, "बघून येऊया. जनावर न बघता कुणी घेतंय का?"

आणि खरंच, एका रविवारी आम्ही निघालो. ते, काकू आणि मी, त्यांच्या जुन्या जीपमधून. खात्याच्या लिलावात घेतलेली ती जीप. एका बाजूचं दार दोरीनं बांधलेलं. काकूंनी भाकरी आणि खर्डा बांधून घेतला होता. त्या फारशा बोलत नसत. गाडीत बसताना एवढंच म्हणाल्या, "ह्येंच्यासंगं लगीन केल्यापास्नं मी लई गोठं बघितलं. आता दवाखानं बघती."

गडहिंग्लजला पहिल्या पत्त्यावर डोळ्यांचा दवाखाना निघाला. ते थेट आत गेले. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "छातीत कळ आली तर घेनार का?"

तिनं त्यांच्या डोळ्यांत बघितलं. "आजोबा, तुम्हाला मोतीबिंदू आहे."

"हाय. पर ते सोड."

दुसऱ्या पत्त्यावर फरशीचं दुकान होतं. मालक भला माणूस होता, त्यानं पाणी दिलं. दवाखाना कधीच बंद झाला म्हणाला, पण लोक अजून येतात. एकदा एक बाळंतीण रिक्षातून आली होती, तिला त्यानंच सरकारी दवाखान्यात पोहोचवलं. तिसऱ्या ठिकाणी खरोखरचा दवाखाना होता, डॉक्टर होते, पेशंट होते. पण त्या कंपनीचं काम आम्ही बंद केलंय, असं तिथले लोक म्हणाले. कंपनी त्यांचेच पैसे वेळेवर देत नव्हती. छापील कागदावर मात्र तिन्ही ठिकाणं ठळक होती.

मग कोल्हापूर. राजारामपुरीतलं, त्याच कागदावरचं एक मोठं हॉस्पिटल, काचेचं दार, आत थंडगार. ते गमबुटांसकट आत शिरले तसा रखवालदार पुढं आला, पण त्यांच्या आवाजानं मागं गेला. स्वागतकक्षातल्या मुलीला ते म्हणाले, "सकाळी निघालोय, आता दुपार झाली. आजारी माणूस आमच्या गावासनं हितं जिवंत पोचंल का, सांग."

ती गोंधळली. "सर, तुम्ही पेशंटला घेऊन या, मग बघू."

"त्येच इचारतोय, बाई. पेशंट येईल का, का नुसताच मी येईन?"

बाहेर येऊन आम्ही फुटपाथशेजारच्या पायरीवर बसलो. समोरून रिक्षा, क्लासची पोरं, दुचाक्या. काकूंनी भाकरी सोडली. डॉक्टरांनी एक घास घेतला आणि कागद माझ्या हातात परत दिला.

"जाळ्याला भोकं असत्यात, इंग्रजी. हे नुसतं भोकच हाय."

एवढं करून त्यांनी विमा घेतलाच. मुलीच्या जिवाला घोर नको म्हणून घेतला असं मला वाटतं, पण ते कधी कबूल करणार नाहीत. कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी नंतर बिल दाखवून पैसे मागता येतील, असं एका कंपनीच्या कागदात होतं, ती निवडली. बीपी लिहिलं, साखर लिहिली, काकूंना लहानपणी झालेली कावीळसुद्धा लिहायला लावली. हप्ता चांगलाच चढला. त्यांनी भरला.

त्यानंतर ते गावाला ताप झाले. आमच्या शाळेतल्या मास्तरांना एक कंपनी एकगठ्ठा विमा विकायला आली, तेव्हा ते बोलावणं नसताना स्टाफरूममध्ये येऊन बसले आणि त्या माणसाची उलटतपासणी घेतली. हेडमास्तरांनी त्यांना शाळेत यायची बंदी केली. दुसऱ्या दिवशी ते खिडकीबाहेर उभे राहून आतल्या मास्तरांना नावानिशी विचारत होते, "पाटील, तुज्या बायकोची थायरॉइड लिवलीस का?" पाटीलसरांच्या बायकोची थायरॉइड अशी सगळ्या शाळेला कळली. सरांनी पुढं त्यांच्याशी बोलणं सोडलं, आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. डॉक्टर बरोबर असायचे तेव्हाही माणसाला नकोसे व्हायचे.

श्रावणातली गोष्ट. पाऊस कोसळत होता, शाळेला सुट्टी दिली होती. काकू बांधावर गवत कापायला गेल्या होत्या. मी वरून त्यांची हाक ऐकली. ओरडणं नव्हतं ते. साधी हाक, "अवो."

पायाला घोणस चावली होती.

शेजारपाजारचे धावत आले. कुणी म्हणालं भगताकडं न्या, कुणी दोरी आणली, कुणी ब्लेड. डॉक्टर गोठ्यातून आले, पाय बघितला आणि असे गरजले की सगळे गप्प झाले. "दोरी टाक ती! तिला चालवू नका! बाज आना!" काकूंना बाजेसकट जीपमध्ये ठेवलं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांचा पाय डोळ्यांदेखत सुजत होता. त्या एकच म्हणत होत्या, "म्हशींना पानी दावा."

सरकारी दवाखाना हिरण्यकेशीच्या पलीकडं आणि पुलावरून पाणी. कोल्हापूरचं नावच काढायला नको. अलीकडच्या तिठ्यावर एक लहानसा दवाखाना होता, शिकलगार डॉक्टरीणबाईंचा. त्यांचे वडील बाजाराच्या दिवशी विळे-कोयत्यांना धार लावून देत. मुलगी डॉक्टर झाली आणि शहरात न राहता इथं येऊन बसली. भाताच्या लावणीत साप चावतात म्हणून दर पावसाळ्यापूर्वी ती लसीच्या बाटल्या भरून ठेवायची. त्या दिवशी तिच्याकडं त्या होत्या.

तिनं काकूंना वाचवलं. पण विषाचा मूत्रपिंडावर परिणाम झाला. लघवी बंद झाली. पुलावरचं पाणी काही उतरेना, आणि पुढचे दिवस त्या लहानशा खोलीत सलाईनच्या नळीकडं आणि पलंगाला लावलेल्या पिशवीकडं बघण्यात गेले. त्या दिवसांत डॉक्टरांचा आवाज मी ऐकला नाही. ते कुजबुजत बोलत. शिकलगारबाई सांगतील ते करत. एका सकाळी पिशवीत स्वच्छ लघवी उतरायला लागली. बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते बाहेर गेले, पायरीवर बसले, दोन्ही गमबूट काढून बाजूला ठेवले आणि तोंडावर हात घेऊन रडले.

बिल फार नव्हतं. शिकलगारबाईंनी घ्यायचं तेवढंच घेतलं. कागद सगळे नीट लावून आम्ही कंपनीला पाठवले. उत्तर आलं: दावा नामंजूर. सदर संस्था पॉलिसीतील हॉस्पिटलच्या व्याख्येत बसत नाही.

आम्ही राजारामपुरीतल्या कंपनीच्या शाखेत गेलो. काकूंना चालवत नव्हतं, त्या घरीच होत्या. तिथला अधिकारी सभ्य होता, हे सांगायला पाहिजे. तो आवाज न चढवता बोलत होता, आणि त्यामुळंच ते सगळं जास्त भयंकर वाटत होतं.

"सर, नियमाप्रमाणं हॉस्पिटलला ठरावीक खाटा लागतात. या दवाखान्याला दोन खाटा कमी आहेत. तो आमच्या व्याख्येत बसत नाही."

"ती बसली न्हवती," डॉक्टर म्हणाले. "झोपलीवती. खाटंवर. एकच खाट लागली तिला. बाकीच्या काय करायच्यात तुला?"

"सर, तुम्ही नेटवर्क हॉस्पिटलला जायला हवं होतं."

"पुलावरनं पानी वाहत हुतं."

"ते आम्ही समजू शकतो. पण सिस्टीममध्ये तसा पर्याय नाही."

बाई मेली असती तर ती तुमच्या व्याख्येत बसली असती का, असं मी विचारलं. हे मी विचारलं, त्यांनी नाही. अधिकारी म्हणाला, "मॅडम, ही आरोग्य पॉलिसी आहे. मृत्यूची वेगळी असते."

त्या वाक्यावर डॉक्टर टेबल उलथतील असं मला वाटलं. ते नुसते उठले.

त्या आठवड्यात त्यांनी घरातले दोन लोखंडी पलंग जीपवर बांधले आणि शिकलगारबाईंच्या दारात नेऊन टाकले. "दोन कमी हुत्या न्हवं? ह्या घ्या."

बाई हसल्या, मग त्यांचे डोळे भरले. "डॉक्टर, असं होत नसतं. जागा लागते, नर्स लागते, नोंदणी लागते."

"मग करा नोंदणी. उद्या दुसऱ्या कुनाच्या बायकूला साप चावनार हाय. ती काय खाटा मोजून चावून घेनार हाय व्हय?"

पुढं कित्येक महिने त्यांनी तेच केलं. मागची शेड नीट करायला गावातून पत्रे मागितले, तालुक्याच्या कचेरीत जाऊन बसले, नर्स मिळावी म्हणून ज्याला त्याला धरलं. पाटीलसरांकडंसुद्धा गेले. सरांची भाची नर्सिंग शिकलेली होती. सर दार उघडून तसेच उभे राहिले. डॉक्टर म्हणाले, "थायरॉइडचं चुकलं माझं. भाची दे." सरांनी दिली.

इकडं मुलीच्या सांगण्यावरून विमा लोकपालांकडं तक्रार केली होती. सुनावणी कॉम्प्युटरवर होणार होती. हेडमास्तरांनी बंदी उठवली आणि शाळेच्या संगणक खोलीत आम्ही बसलो; गावात तारेचं इंटरनेट तेवढं तिथंच होतं. काकूही आल्या होत्या, काठी टेकत. पडद्यावर एका चौकोनात सुनावणी घेणारे साहेब, दुसऱ्यात कंपनीचा तरुण डॉक्टर. तो अस्खलित बोलला. खाटांची संख्या, कलम, उपकलम. रुग्णाला योग्य ठिकाणी हलवता आलं असतं, असंही म्हणाला.

डॉक्टर तोंड उघडणार एवढ्यात काकूंनी त्यांच्या दंडावर हात ठेवला. त्या पडद्याच्या जवळ सरकल्या.

"लेकरा," त्या म्हणाल्या, "तू डॉक्टर हायस न्हवं? मग माजा पाय कसा हाय, हे इचारलं न्हाईस अजून."

त्यांनी लुगडं वर घेऊन पाय कॅमेऱ्यासमोर धरला. काळा पडलेला, खड्डा पडलेला. कंपनीचा डॉक्टर खाली बघायला लागला. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी पुढ्यातले कागद बाजूला सारले. मग त्यांनी विचारलं, "आजी, पूल किती दिवस पाण्याखाली होता?"

निकाल आमच्या बाजूनं लागला. पैसे आले. गावानं पेढे मागितले, डॉक्टरांनी दिले नाहीत. "माझंच मला मिळालं. त्येला कसलं प्याडं?"

पण गोष्ट तिथं संपत नाही, आणि मला खरा राग येतो तो पुढचाच. वर्ष भरलं, नूतनीकरणाची वेळ आली. हप्ता खूप वाढला होता. मुलगी म्हणाली, दुसरी कंपनी बघू. आम्ही बघितल्या. सगळीकडं काकूंच्या मूत्रपिंडाचे कागद मागितले आणि सगळीकडून नकार आला. म्हातारं माणूस आजारी पडून उठलं की बाजारात त्याला कुणी घेत नाही. उरली तीच जुनी कंपनी. तिला सोडलं तर काकूंना काहीच नाही.

डॉक्टर राजारामपुरीत जाऊन पैसे भरून आले. मी बरोबर होते. तोच अधिकारी. त्यानं चहा मागवला आणि मनापासून म्हणाला, "सर, एवढं होऊनही आमच्यावर विश्वास ठेवलात, बरं वाटलं."

"इस्वास न्हाय," डॉक्टर म्हणाले. "दुसरं कुनी तिला दारात हुबं करंना, म्हणून आलोय." चहा तसाच राहिला. मी त्यांना इतकं हरलेलं कधीच बघितलं नव्हतं, काकू आजारी होत्या तेव्हासुद्धा नाही.

पुढं माझी बदली कोल्हापूरजवळच्या शाळेत झाली. डॉक्टर गेले ते एका गोठ्यापाशीच. अडलेली म्हैस सोडवली, हात धुतले, त्या घरच्या बाईनं हातात चहाचा कप दिला तो घेऊन कट्ट्यावर बसले आणि तिथंच कलंडले. विम्याचा प्रश्नच आला नाही. शिकलगारबाईंच्या दवाखान्याची नोंदणी त्याआधी झाली होती, आणि पुढच्या पावसाळ्यात साप चावलेल्या एका पोरीच्या बापाला कंपनीनं विनातक्रार पैसे दिले, असं पाटीलसरांनी मला फोनवर सांगितलं.

गेल्या वर्षी काकू एसटीनं कोल्हापूरला आल्या. एकट्या, काठी घेऊन. मी स्टँडवर घ्यायला गेले. म्हणाल्या, हप्ता भरायचाय. आम्ही त्या शाखेत गेलो. आता तिथं दुसरा अधिकारी होता, तरुण मुलगा. त्यानं उठून खुर्ची दिली.

"आजी, एवढ्या लांबून कशाला त्रास घेता? मुलीला सांगा, घरबसल्या ऑनलाइन भरता येतं."

काकूंनी काठी भिंतीला टेकवली, पदर सारखा केला आणि त्याच्यासमोर बसल्या.

"न्हाय बाबा," त्या म्हणाल्या. "मी दर साली हितं येनार. तुमी मला डोळ्यानं बघायचं. बघ की वर. बघ माज्याकडं."